बोलाची जोडी

आवळटोल्याच्या केवळराम कापगत्याचं आयुष्यात एकाच माणसाशी वाकडं होतं. तो माणूस त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि गंमत अशी की त्या भावाला याचा पत्ताच नव्हता. भाऊ मेला तरी केवळरामाचं वाकडं सरळ झालं नाही. उलट वाढलं. जित्या भावाशी निदान भांडण उकरून काढता येतं. मेलेला गळ्यात हार घालून भिंतीवर बसतो, आणि त्याच्याविरुद्ध ब्र काढला की आपणच वाईट ठरतो.

भाऊ म्हणजे लेफ्टनंट कर्नल भोजराज गोमाजी कापगते. लाखांदूरच्या पलीकडे धानाच्या बांध्यांत लपलेल्या त्या गावातून फौजेत साहेब झालेला एकटा माणूस. चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात, कुठल्याशा डोंगरातल्या छावणीत, चालता चालता त्याचं हृदय बंद पडलं. तार आली तेव्हा अख्खं गाव रडलं. केवळरामही रडला, पण रडताना त्याच्या मनात एक गोष्ट टोचत होतीच, की आपण मेलो तर एवढं गाव रडणार नाही.

आता हेवा म्हटला तर त्याला मूळ लागतं. मूळ बापात होतं. गोमाजीला दोन पोरं. थोरला केवळराम बैलाशी बोलला की बैल कान टवकारायचा. धाकटा भोजराज नांगरामागे उभा राहिला की मातीतलं तास वाकडं जायचं आणि बैल मागे वळून कोण आलंय ते बघायचा. गोमाजीनं साधा हिशेब केला. ज्याला शेती येते त्यानं शेती करावी, ज्याला काहीच येत नाही त्यानं शिकावं. म्हणून केवळरामाची शाळा चौथीत सुटली आणि भोजराज भंडाऱ्याच्या वसतिगृहात गेला. ज्याच्या अंगी गुण त्याला चिखल, आणि ज्याच्या अंगी नाही त्याला बूट. हा न्याय केवळरामाच्या घशाखाली कधी उतरला नाही. चीनच्या लढाईनंतर फौजेत तरुण पोरांची भरती निघाली, भोजराज त्यात साहेब होऊन गेला, आणि मग तर विषयच संपला.

दर सुटीला भोजराज वरठीच्या ठेसनावर उतरायचा आणि एसटीनं लाखांदूरला यायचा. तिथून त्याला बैलांच्या दमणीत बसवून गावी आणायचं काम केवळरामाचं. तेही चुपचाप. वाटेत भोजराज बैलांकडे बघत राहायचा आणि फार बोलायचा नाही. केवळरामाला वाटायचं, साहेबाला आता आपल्याशी बोलायची लाज वाटते. गावात शिरलं की बायाबापड्या दारात यायच्या, 'भोजराजभाऊ आले जी, भोजराजभाऊ!' दमणी हाकणाऱ्याकडे कोणी बघायचं नाही. घरी कौशल्याबाई, म्हणजे केवळरामाची बायको, दिरासाठी जपून ठेवलेला चिन्नोर तांदूळ काढायची. नवरा बारा महिने जाडाभरडा भात खायचा, त्याबद्दल तिला काही वाटायचं नाही.

एकदा भोजराजनं भावासाठी फौजेतली जाड घोंगडी आणली. केवळरामानं रागारागानं ती बैलाच्या पाठीवर टाकली. म्हटलं, बघू दे गावाला आपल्या लेखी त्याची काय किंमत आहे. गाव म्हणालं, 'काय नशीब आहे बापा केवळरामच्या बैलायचं! कर्नलची घोंगडी पांघरून राहिले!' डाव असा अंगावर उलटला की त्यानं त्याच दिवशी घोंगडी काढून कौशल्याबाईकडे फेकली.

या सगळ्यात केवळरामाचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, पोळ्याचा मान. आवळटोल्यात आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची जात नाही. पहिली जाते ती 'बोलाची जोडी'. म्हणजे जिच्या कासऱ्याला कोणी हात लावत नाही, मालक नुसता समोर उभा राहून हाक मारतो आणि जोडी एकटी चालत येते. तिच्यामागे बाकीचे बैल सुटतात आणि पोळा फुटतो. हा मान वर्षानुवर्षं केवळरामाचा होता. मोऱ्या आणि टिकल्या ही त्याची जोडी त्याच्या आवाजावर आंधळ्यासारखी चालायची. त्या दिवशी तरी तो कर्नलचा भाऊ नसायचा, फक्त केवळराम असायचा.

आणि नेमका तोच मान श्रावण पाटलानं मागितला.

'औंदाचा पोळा कर्नलसाहेबाच्या नावानं करू,' पाटील पडवीत बसून म्हणाला. 'त्यायच्या पलटणीतून एक सुभेदार येऊन राहिला फोटो घेऊन. पयला फोटो जाईन तोरणाखालून. मंग तुही जोडी.'

'मंग माही जोडी?'

'दुसरी. भाऊच होय ना तुहा? घरातला मान घरातच राहिला.'

पाटील गेल्यावर केवळरामानं सगळा राग बायकोवर काढला. 'जिंदगीभर त्यानं बैलाचं शेपूट धरलं नाही, न पोळ्याचा मान त्याले! शाळा घेतली, नाव घेतलं, तुह्या हातचा चिन्नोर घेतला. आता हेबी घे म्हना!'

कौशल्याबाई सूप पाखडत होती. ती म्हणाली, 'मेलेल्या मानसाचा कायले हेवा करता जी? तो काय येऊन राहिला का मान मिरवाले?'

'येऊन राहिला ना! फ्रेममधी!'

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुभेदार हिरालाल आला. राजस्थानकडचा, उन्हानं रापलेला, पिळदार मिशांचा माणूस. भोजराजची विधवा मुलांच्या शाळेपायी दूर अडकली होती, म्हणून फोटो त्याच्या हाती आला होता. फोटो चांगला टेबलाएवढा. छातीवर पट्ट्या, डोक्यावर टोपी, आणि ओठांवर तेच अर्धवट हसू. केवळरामाला ते हसू नेहमीच आपल्याला चिडवण्यासाठी असल्यासारखं वाटायचं. पाहुणा त्याच्याच घरी उतरला. दुसरीकडे कुठे उतरणार?

सांज व्हायच्या आत केवळराम गोठ्यात खांदमळणीला बसला. वर्षभर जू ओढून रापलेला बैलांचा खांदा त्या दिवशी हळद-तुपानं चोळायचा असतो. सुभेदारानं न विचारता बाह्या सारल्या आणि टिकल्याच्या मानेला हात घातला. हात असा सराईत, की टिकल्यानं डोळेच मिटले. आधी केवळरामाला बैलाचाच राग आला. मग त्याला शंका आली.

'सुभेदारसाहेब, तुमी तं तोफावाले ना? जनावराचं कसं माहीत?'

'तोप?' सुभेदार हसला. 'नहीं दादा. हमारी तो खच्चरों की पलटन है. कर्नल साहब खच्चरों के ही कमांडर थे. पूरी नौकरी उसी में गई उनकी.'

केवळरामाच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. खेचरं! गाव समजत होतं, भोजराज रणगाड्यावर उभा राहून हुकूम सोडत असेल. शाळेतल्या पोरांनी तसं चित्र काढून भिंतीला लावलं होतं. आणि हा गाढवा-घोड्यांच्या पिलावळीवर साहेब! वीस वर्षांत कधी बोलला नाही. लाजच वाटत असेल, दुसरं काय!

जेवताना केवळराम इतका खुशीत होता की कौशल्याबाईला वाटलं, याचं मन निवळलं. कसलं निवळतंय! त्याचा बेत ठरला होता. उद्या आखरावर, गुरं जमायच्या त्या मोकळ्या पटांगणात, भरल्या गावासमोर सुभेदाराच्याच तोंडून हे वदवायचं. आपण बोललो तर जळका म्हणतील. पलटणीचा माणूस बोलला तर काय म्हणतील? मग बघू फोटो तोरणाखालून कसा पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी आखर फुलून गेलं. रंगवलेली शिंगं, झुली, गळ्यात घुंगरं, पोरांचा कालवा. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. मोऱ्या आणि टिकल्या नेहमीच्या जागी, तोरणासमोर पहिल्या रांगेत उभे होते. कासरा मोकळा सोडलेला. तोरणाच्या पलीकडे हिरालाल गणवेशात, दोन्ही हातांत फोटो धरून, भाषण संपलं की तोरणाखालून निघायला तयार. पाटील भाषणाला उभा राहिला आणि सुटलाच. भोजराजनं शत्रूच्या रणगाड्यांच्या कशा चिंधड्या उडवल्या, तोफांची तोंडं कशी फिरवली, हे तो स्वतः बघून आल्यासारखं सांगत होता. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

केवळराम पुढे झाला. 'पाटील, तुमी कायले सांगता? सुभेदारसाहेब आले ना. त्यायलेच विचारा, पलटण कायची होती ते. सांगा जी, लोकायले समजू द्या.'

एवढ्या गोड आवाजात तो वर्षभरात बोलला नव्हता. कौशल्याबाईनं बायांच्या घोळक्यातून नवऱ्याकडे चमकून पाहिलं.

सुभेदारानं मान ताठ केली. 'खच्चरों की पलटन!' तो अभिमानानं म्हणाला.

बायांचे पदर डोळ्यांवरून खाली आले. कोणीतरी खुसकन हसलंही. केवळरामाला वाटलं, जिंकलो. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा जिंकलो. पण सुभेदार थांबला नव्हता. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

'जहाँ गाड़ी नहीं चढ़ती, टैंक नहीं चढ़ता, वहाँ खच्चर चढ़ता है. गोला, दवाई, आटा, सब उसी की पीठ पर. इकहत्तर की लड़ाई में साहब मेजर थे. ऊपर चौकी पर हमारे जवान घिरे हुए, पास गोली नहीं बची. हम माल लेकर चढ़ रहे थे. रास्ता इतना,' त्यानं फोटोची रुंदी दाखवली, 'और नीचे खाई. गोले गिरने लगे तो खच्चर अड़ गए. मारो, खींचो, एक कदम नहीं. पीछे पूरी कतार रुकी हुई. तब साहब सबसे आगे गए. किसी की रस्सी नहीं पकड़ी. जानवरों की तरफ़ पीठ करके खड़े हुए, आवाज़ दी, और पूरी कतार चल पड़ी. वही आवाज़, जो उन्होंने हम सबको सिखाई थी. आज भी हमारी पलटन में, गढ़वाली हो, जाट हो, मद्रासी हो, सब खच्चर को उसी आवाज़ पर चलाते हैं.'

'कोनती आवाज?' पाटलानं विचारलं.

सुभेदारानं छाती भरून घेतली आणि परेडच्या मैदानावर हुकूम द्यावा तशी हाक सोडली :

'चाऽल रे बापाऽ, घर आलंऽ!'

ती केवळरामाची हाक होती. त्याचीच. 'बापा'वर चढणारी आणि 'घर'वर खाली येणारी. तो तिथल्या तिथे गार पडला. पण मोऱ्या आणि टिकल्याला कोण हाक मारतंय याचा विचार करायची सवय नव्हती. त्यांनी माना उचलल्या आणि शांतपणे तोरणाखालून चालत फोटोकडे निघाले.

'पोळा फुटला! पोळा फुटला!' पोरं ओरडली. मागचे बैल उधळले, धूळ उडाली, तोरणाची पानं तोडून घ्यायला माणसांची झुंबड उडाली. पाटलाचा फेटा कुणाच्या तरी बैलाच्या शिंगात अडकून गेला. मान कोणाला मिळाला, फोटोला का जोडीला, हे विचारायला कोणी थांबलं नाही. सगळे आपापले बैल घेऊन घरोघरच्या पूजेला पळाले.

धूळ बसली तेव्हा आखरावर केवळराम, सुभेदार आणि दोन बैल एवढेच उरले होते. मोऱ्या फोटोची काच चाटत होता. सुभेदार ओशाळला होता.

'माफ करना दादा, आपके त्योहार में गड़बड़ हो गई. वो आवाज़ आपकी है, मुझे मालूम है. साहब हर नए जवान को पहले दिन बताते थे, यह हुकुम मेरा नहीं, मेरे बड़े भाई का है. बाप ने बैल उसको दिए, मुझे किताब दी. कहते थे, कर्नल हो गया, फिर भी दादा से जलता हूँ.'

केवळरामानं त्याच्याकडे पाहिलं. 'काय म्हने?'

'जलता हूँ, कहते थे.'

'माह्यावर? भोजा जळे माह्यावर?'

'बहुत, दादा.'

'पुन्हा सांगा बरं.'

सुभेदारानं पुन्हा सांगितलं. केवळरामानं तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. लहान पोर मुठीतला गूळ पुरवून पुरवून खातं तसं त्यानं ते ऐकलं. एवढा गोड घास त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो पोटात उतरताच त्याला भडभडून आलं. वीस वर्षं तो भाऊ त्याच्याच दमणीत, त्याच्याच पाठीमागे बसून आला होता. बैलांकडे बघत. गप्प.

'मंग मले काहून नाही सांगतलं त्यानं?' केवळराम फोटोवर ओरडला. 'तोंड नव्हतं का तुले? येक वेळ तं बोलाचं! पुऱ्या पलटणीले सांगतलं न मलेच नाही!'

सुभेदारानं खिशातला रुमाल काढून काचेवरची बैलाची लाळ हळूच पुसली. त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्यानं आपलं साधं विचारलं.

'और आपने, दादा? आपने कभी अपने मन की बात बताई थी उनको?'

केवळरामानं कासरा उचलून हाताला गुंडाळला आणि तो बैलांना ओढत घराकडे निघाला, कारण हाक मारायला त्याच्या गळ्यातून आवाज निघत नव्हता.