हे खाते माझे नाही

मी आयुष्यात कुणाचं देणं थकवलेलं नाही, हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की मी सुरुवात केली की बायको उठून आत जाते. त्यामुळे रत्नागिरीच्या बँकेतल्या बाईंनी माझी गृहकर्जाची फाईल मिटली आणि "तुमचं आधीचं एक पर्सनल लोन थकलंय" असं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याशी भरपूर हुज्जत घातली. वन रूम किचनचं टोकन देऊन झालं होतं. बिल्डरने दोन महिन्यांची मुदत दिली होती. निवृत्तीला दहा वर्षं उरलेल्या माणसाला पुन्हा कोण कर्ज देणार?

"माझ्यावर चिडून काय होणार?" बाई म्हणाल्या. "तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. कुठल्या एजंटला पैसे देऊ नका."

फुकट म्हटलं की मला संशय येतो. तरी कॉलेजच्या ऑफिसात, जिथे मी क्लार्क आहे, जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर बसलो. पॅन नंबर टाकला, मोबाइलवर ओटीपी आला आणि पंधरा मिनिटांत रिपोर्ट समोर. खरंच एक पैसा लागला नाही. त्यात दोन खाती होती. एक फ्रीजचं, केव्हाच फिटलेलं. दुसरं चार लाखांचं, मुंबईच्या एका फायनान्स कंपनीचं, शेवटचे तीन हप्ते थकलेलं. खाली पत्ता संगमेश्वरजवळच्या आमच्या गावच्या घराचा आणि फोन नंबर माझ्या चुलतभावाचा.

मग उलगडा झाला. आजोबा वारले त्या वर्षी घरात दोन मुलगे जन्मले. दोन्ही सुना हट्टाला पेटल्या, म्हणून दोघांनाही आजोबांचंच नाव ठेवलं. भाऊ माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा. शाळेत आम्हाला एकाच दिवशी नेऊन बसवलं आणि गुरुजींनी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दोघांची जन्मतारीख एक जून लिहून टाकली. नाव, आडनाव, तारीख, पत्ता, सगळं एकच. वडिलांचं नाव आणि पॅन नंबर तेवढे वेगळे, आणि नेमके तेच त्या कंपनीने लिहिले नव्हते.

मला भावाचा भयंकर राग आला. मुंबईहून गावी आला की सगळ्यांवर खर्च करणार, आणि इथे हप्ते थकवणार. चांगलं झापायचं ठरवलं. झापताना तपशील हाताशी असावेत म्हणून कर्ज कधी घेतलंय ते बघितलं.

तो महिना मला पाठ होता. त्या महिन्यात माझ्या वडिलांचं मुंबईत हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. वडील आज गावी ठणठणीत आहेत. हॉस्पिटलचं बिल भावाने भरलं. निम्मे मी देतो म्हटलं, तर म्हणाला होता, साठवलेले आहेत. मी ते लगेच मान्य केलं, कारण ते मला सोयीचं होतं. पुन्हा कधी विषय काढला नाही.

तरी फोन केला. सगळं सांगितलं.

"मी कामाला व्हतो ती कंपनी बंद झाली रे," तो म्हणाला. "चार म्हयने झाले. घरात कुनाला बोललो नाय. तू तक्रार कर. माज्यापायी तुजा घर नको अडकायला."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय? तू तवा फ्रीजचे हप्ते भरत व्हतास."

रिपोर्टच्या वेबसाइटवर तक्रारही फुकटच करता येते. तिथे कारणांच्या यादीतून एक निवडायचं होतं: हे खाते माझे नाही. मी बराच वेळ त्यावर माउस ठेवून बसलो. मग खूण केली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, पण मला स्वतःची लाज वाटली.

महिन्याभरात ते कर्ज माझ्या रिपोर्टवरून निघालं आणि घराचं कर्ज मंजूर झालं. थकलेल्या तीन हप्त्यांचे पैसे मी भावाच्या खात्यावर पाठवले. संध्याकाळी ते परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवले, तर पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी पैसे पाठवताना सोबत तीन शब्द लिहिले: माझ्या वडिलांच्या बिलाचे. ते त्याने ठेवून घेतले.