आंबापोळी, गुडघा आणि बिननावाचा बोर्ड

पन्नाशीनंतर माणसं भजनाला लागतात, मी जावास्क्रिप्टला लागलो. कारण बायकोचा गुडघा.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर काचेच्या झाकणाच्या पेटीत आंबापोळी वाळते. पेटी साठ अंशांपुढे तापली की पोळी काळी पडते, म्हणून सारखं वर जाऊन झाकण किलकिलं करायचं. यंदा बायकोचा गुडघा सुजला आणि मी छाती फुगवून जाहीर केलं, "उद्यापासून तू जिना चढायचा नाहीस. पेटीचं तापमान खाली कॉम्प्युटरवर दिसेल!"

पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने काडेपेटीएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड पाठवला होता. त्याला तापमान मोजणारा सेन्सर जोडून तो पेटीत ठेवला, वायर खिडकीतून माझ्या टेबलावर आणली. बोर्ड कॉम्प्युटरच्या कुठल्या पोर्टवर, म्हणजे कुठल्या जोडणीवर आहे, ते प्रोग्रामने आपलं आपण शोधायचं होतं. मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं: सगळ्या सीरियल पोर्टांची यादी घे, ज्याच्यापुढे बोर्डाच्या कंपनीचं नाव असेल तो आपला.

प्रोग्राम म्हणाला, बोर्ड सापडला नाही.

वायर बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी यादीच काढून बघितली. पोर्ट होते बरेच, पण नावाच्या जागी सगळीकडे कोरं. स्वस्तातला बोर्ड, तो आपलं नाव सांगेचना.

"मिळाला का हो तुमचा बोर्ड?"

"मिळतोच आहे!"

"तोवर मी बघून येते वर," म्हणत बायको लंगडत गेलीच. प्रत्येक पायरीवरचं तिचं 'आई गं' मला टेबलाशी ऐकू येत होतं.

खाली आली ती बाहेरच्या दारातूनच म्हणाली, "वहिनी, बसा हं, चहा टाकते."

आतून शेजारच्या वहिनींचा आवाज आला, "साखर कमी गो!"

मी चाट. "तू आत न बघताच कसं ओळखलंस?"

"जाताना दारात नव्हत्या त्या चपला आता आहेत. वहिनी तुमच्या नाकासमोरून आत गेल्या, तुम्हाला पत्ता नाही?"

मी खुर्चीतून उडालोच! नाव हवंय कशाला? वायर लावण्याआधी यादी घ्यायची, लावल्यावर पुन्हा घ्यायची. जो जास्तीचा, तो आपला! चार ओळी लिहिल्या, वायर काढून परत खोचली. स्क्रीनवर नवा पोर्ट! पाठोपाठ तापमानाचे आकडे धावू लागले.

"अगं, सापडला! एकसष्ट! बासष्ट! त्रेसष्ट!"

"त्रेसष्ट?" बायको किंचाळली. "अहो, पोळी गेली माझी!" आणि जिन्याकडे वळली.

"थांब! तू नाही!"

शब्द दिला होता ना. मग दोन-दोन पायऱ्या गाळत मीच वर पळालो, झाकण उचललं. खालून दोघी ओरडून आकडे सांगत होत्या.

पोळी वाचली. धापा टाकत खाली आलो, तर माझ्या खुर्चीत बायको, स्टुलावर तिचा गुडघा, हातात चहा, नजर स्क्रीनवर.

"अहो," ती म्हणाली, "परत चढायला लागलंय. जा बरं."