बाबांच्या लॅपटॉपची साफसफाई

मला पसारा चालत नाही. ओट्यावर नको असलेलं एक भांडं दिसलं तरी माझं डोकं फिरतं. त्यामुळे बाबांचा नवा लॅपटॉप उघडून बघितला तेव्हा मी वैतागलेच. नवा म्हणायचा, पण आधीच्या भाडेकरूने सामान न हलवता सोडलेल्या घरासारखा गच्च भरलेला. पत्त्यांचे खेळ, खरेदीची दुकानं, हवामान सांगणारं काहीतरी, सिनेमे दाखवणारी अ‍ॅप्स आणि कंपनीने थोड्या दिवसांसाठी फुकट म्हणून घालून दिलेला एक अँटिव्हायरस. यातलं काहीही आम्ही मागितलं नव्हतं.

सगळ्यात छळवादी तो अँटिव्हायरस. बाबा काही लिहायला बसले की कोपऱ्यातून इंग्रजी लाल पाटी वर यायची: तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब पावलं उचला. बाबांची अख्खी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात गेली. ‘ताबडतोब’ असा शेरा मारलेली फाइल टेबलावर पडून राहिलेली त्यांना कधी खपली नाही. मी घरून ऑफिसचं काम करत असले तरी ते मला मीटिंगमधून उठवायचे.

“अगं, हे पुन्हा म्हणतंय, आपण धोक्यात आहोत.”

“आपण नाही बाबा, लॅपटॉप. आणि तोही नाही. पैसे काढायची रीत आहे ती त्यांची.”

“अच्छा. पण लाल अक्षरांत आहे,” असं म्हणून ते परत खोलीत जायचे, पण दार उघडं ठेवून.

आम्ही दोघंच राहतो, नोएडात. माझं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, आणि येताना त्यांचं काला अंबचं वेडही घेऊन आले. संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला जातात, तिथल्या काला अंबच्या स्मारकापाशी फुलं वाहतात, आणि मग बाबा बोलतात. बोलतात म्हणजे लिहून आणलेलं वाचतात, सावकाश, एकही वेलांटी न सोडता. मुलांचे डोळे गुळपोळीच्या डब्यांवर लागलेले असतात आणि बाबांचं सैन्य अजून नर्मदेपाशीच असतं.

मागच्या वर्षी मात्र ते गेले नाहीत. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी पेपर हातात धरून मला विचारलं, “आज हा कुठल्या भाषेतला टाकलाय?” पेपर नेहमीचाच होता, हिंदी. हात हलत होते, पाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं. फक्त वाचता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला छोटा झटका येऊन गेलाय, वेळेत आणलंत हे नशीब. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं काही दिसलं तर विचार करत बसू नका, थेट घेऊन या, पुढचा झटका छोटाच असेल असं नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही. बाबा दुपारी जरा जास्त झोपले तरी मी दारात उभी राहून त्यांची छाती वरखाली होतेय ना ते बघायचे.

मग पुण्याहून मावशीने अंकलिपी पाठवली आणि मंत्रालयातून निवृत्त झालेला माणूस जेवणाच्या टेबलावर बसून कमळातला क शिकला. अडखळले की मी म्हणायचे, “छपाईच खराब आहे बाबा. अक्षरं किती बारीक आहेत.” धादांत खोटं होतं ते. अंकलिपीतली अक्षरं अंगठ्याएवढी असतात. बाबा बोट पुढच्या अक्षरावर न्यायचे.

यंदा ते पुन्हा काला अंबला बोलणार होते. भाषण त्यांनी स्वतः टाइप केलं होतं आणि ते वाचून दाखवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आजारपण संपल्याची पावती होती. माझ्याही दृष्टीने.

जायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, मी साफसफाईला बसले. भाषणावर शेवटचा हात फिरवताना तरी त्या लाल पाटीची कटकट नको. लॅपटॉपमध्ये काय काय घातलंय त्याची यादी उघडली आणि तारखेप्रमाणे लावली. माझं तर्कट साधं होतं: लॅपटॉप घरात आला त्या दिवसाची तारीख ज्याच्यापुढे असेल ते कंपनीने घातलेलं, म्हणजे नको असलेलं. एकेक उडवत गेले. प्रत्येक अ‍ॅप जाताना विचारत होतं, खात्री आहे ना? मला बिलकुल खात्री होती. एकाचं नाव नुसतीच इंग्रजी आद्याक्षरं होती, त्यापुढे आकडा. असली नावं मला संशयित वाटतात. तेही काढलं. अँटिव्हायरसने तर जाता जाता गळाच काढला, पण मी बधले नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तो झटकन उघडला, आणि मी खूश होऊन स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी भोगी. सकाळी इतकं धुकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. मी बाजरीच्या भाकरीचं पीठ मळत होते. बाबा लिहायला बसले की खोलीतून पुटपुटणं ऐकू येतं, कारण ते टाइप केलेलं स्वतःलाच वाचून दाखवतात. त्या दिवशी काहीच ऐकू येत नव्हतं. बराच वेळ. मी चहा घेऊन आत गेले.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. समोर लॅपटॉप उघडा होता, पण नजर मांडीवरच्या हातांकडे. पेपर टेबलावर होता आणि त्याच्यावर शाल टाकलेली होती.

“जरा बस,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला वाचता येत नाहीये.”

चहा कुठे ठेवला ते आठवत नाही. डॉक्टरांनी शिकवलेलं तेवढं आठवलं.

“बाबा, हसा बघू.”

“हसायला काय झालंय?”

“हसा हो. दात दाखवा. हात वर करा, दोन्ही.”

त्यांनी हात वर केले. दोन्ही सारखे. पण मागच्या वेळीही हात सारखेच होते.

“एक वाक्य म्हणा.”

“कुठलं?”

“कुठलंही.”

“मला भीती वाटतेय,” ते म्हणाले. एकही अक्षर अडखळलं नाही. बाबांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना फोन लावला. “भाईसाब, प्लीज गाडी निकालिए, पापा को फिर वही हो रहा है.”

“आप उन्हें कपडे पहनाइए, मैं ऊपर आता हूँ,” ते म्हणाले.

बाबांना स्वेटर चढवताना मला बाही सापडेना. एवढ्या धुक्यात हॉस्पिटलला पोचायला किती वेळ लागेल, हे सकाळी कधी सुरू झालं, किती वेळ हे असे एकटे बसून होते, हाक का नाही मारली. मोजे घालायला मी खाली बसले तेव्हा मनात एकच चाललं होतं, की या वेळी अंकलिपीने भागणार नाही.

“लॅपटॉप बंद कर आधी,” बाबा म्हणाले.

“बाबा, खड्ड्यात गेला तो लॅपटॉप.”

“नाही. नीट बंद कर. मग निघू.”

ऑफिसात असताना पंखे-दिवे स्वतः बघितल्याशिवाय ते कधी निघाले नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून मी रागारागाने लॅपटॉपकडे वळले, आणि पडदा बघितला.

मलाही वाचता येईना. क्षणभर खरंच वाटलं की घराण्यातच आहे हे, आता माझी पाळी. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मध्येच पौंडाची खूण, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह, पानभर. वरची बटणं मात्र नीट दिसत होती. मग लख्ख आठवलं. लॅपटॉप आला त्याच दिवशी मराठी मंडळातले बाबांचे एक मित्र येऊन त्यात मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम घालून गेले होते, कारण बाबांची बोटं त्याच जुन्या पद्धतीला बसलेली. मराठी अक्षरांचे साचे त्या प्रोग्रॅमबरोबर होते. मी प्रोग्रॅम काढला, साचे गेले, आणि मागे ही रांगोळी उरली. तारीख कंपनीच्या सामानाचीच होती ना.

“बाबा,” मी म्हटलं, “मलाही नाही येत वाचता. हे कुणालाच येणार नाही. काल मी चुकून तुमचा मराठी प्रोग्रॅम काढून टाकला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

“माझी समजूत काढू नकोस.”

“शप्पत, बाबा.”

“छपाई खराब आहे, असंच ना?”

तेवढ्यात शेजारी गाडीची किल्ली हातात घेऊन आले. मी त्यांना पडदा दाखवला. ते वाकून म्हणाले, “अंकल, ये तो कुछ है ही नहीं. कचरा है.”

“त्यांना मराठी कुठे येतं,” बाबा मला म्हणाले. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

दुसरं काहीतरी वाचून बघितलं की प्रश्न मिटणार होता. पण पेपरवर शाल का होती ते माझ्या आत्ता लक्षात आलं. लॅपटॉपवरचं वाचता आलं नाही तेव्हा त्यांनी पेपर झाकला होता, आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून घेतली होती. त्यांना कळूनच घ्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही. साचे मी काढले हे खरं, पण म्हणून आतून काही झालेलं नसेल असं थोडंच होतं. मी कॅलेंडर काढायला गेले तेव्हा खिळ्यावरून ते निघेना.

मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी डोळे मिटले, मग चष्मा सारखा केला आणि बोट आजच्या चौकोनावर ठेवलं.

“भोगी,” ते म्हणाले.

शेजारी हसले. मी हसले नाही, बाबाही नाहीत. भोगी आहे हे त्यांना सकाळपासून माहीत होतं.

“हे पाठ आहे मला,” असं म्हणून त्यांनीच पान उलटलं. मागे बारीक टाइपात काहीतरी होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. “अपचन… अपचनावर घरगुती उपाय,” त्यांनी वाचलं. “जेवणानंतर चमचाभर ओवा, चिमूटभर सैंधव…” आणि ते थांबलेच नाहीत. ओवा, आलं, लिंबू, ताक, सगळे उपाय त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि शेजारी किल्ली हातात धरून, एक अक्षर कळत नसताना, शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला आणि मी जमिनीवर बसून रडले.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “यापुढे माझी समजूत काढायची नाही,” ते म्हणाले. “येत नसेल तर येत नाही म्हणायचं. नाहीतर तू खरं बोलतेस तेव्हा मी काय करू?”

त्याच मित्रांनी दुपारी येऊन प्रोग्रॅम परत घातला, अक्षरं जिथल्या तिथे आली. बाबांनी काला अंबला भाषण वाचलं. सैन्य नर्मदेपाशी भरपूर रेंगाळलं आणि मी घड्याळाकडे बघितलं नाही.

आता रोज सकाळी दाराबाहेरचा पेपर मी उचलते. तिथेच उभी राहून पहिली बातमी स्वतः वाचते, मग पेपर आत नेते. बाबा चष्मा लावतात, पहिली ओळ मोठ्याने वाचतात आणि माझ्याकडे बघतात.

“बरोबर,” मी म्हणते.

परवा त्यांनी विचारलं, “आणि एखाद्या दिवशी चुकलं तर?”

“तर चूक म्हणेन, बाबा.”

“हां,” ते म्हणाले आणि पुढच्या बातमीकडे वळले. ती मी दारात वाचलेली नव्हती. म्हणून मी चहाचा कप हातात धरून त्यांच्या पाठीमागे गेले, आणि त्यांच्याबरोबर ओळ न् ओळ वाचत उभी राहिले.