फाटकाला बांधलेली बोट

सकाळी नऊला फोन आला, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात खिचडीच्या पातेल्यापाशी उभी होते. पंचगंगेचं पाणी गावात शिरून तिसरा दिवस. आमची शाळा उंचावर, म्हणून निम्मं गाव वर्गावर्गात सतरंज्या टाकून बसलेलं, आणि मी मुख्याध्यापिका, म्हणून छावणीचा सगळा कारभार माझ्या गळ्यात. फोनवर वरच्या कचेरीतले एक अधिकारी होते. "बाई, मंत्रीसाहेब पुराच्या पाहणीला येतायत. दहापर्यंत पोचतील. तुमच्याकडची बोट तयार ठेवा, तोवर कुठं पाठवू नका."

"हो सर," मी म्हटलं. तशी मी तापट बाई. गावातली पोरंच काय, त्यांचे बापसुद्धा मला टरकून असतात. पण वरून फोन आला की माझी मान आपोआप हलते. नोकरीतली सवय.

बोट एकच होती, नारिंगी रंगाची, शाळेच्या फाटकाला बांधलेली. आणि नऊलाच ती मळ्याकडं निघणार होती. मळ्यात आक्काचा नवरा अडकला होता. आक्का म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी. तिला सगळं गाव आक्का म्हणतं आणि तिच्या नवऱ्याला मामा. पाणी चढलं तशी आक्का छावणीत आली, मामा आले नाहीत. "म्हशी सोडून येत न्हाय," म्हणाले. दोन म्हशी, दोन्ही गाभण. गोठ्याच्या उंच कट्ट्यावर म्हशी आणि वर स्लॅबवर त्यांची दावी धरून मामा. ऊस बुडाल्यामुळं शाळेच्या गच्चीवरून ते सरळ दिसायचे. बोटीत बसून दावी धरली की म्हशी मागनं पोहत येतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आदल्या संध्याकाळी पाणी म्हशींच्या गुडघ्याला होतं आणि आता पोटाला लागलं होतं.

बोट चालवणारे दोघं जॅकेट घालून तयार. "निघू का बाई?"

"थांबा जरा. साहेब येऊन जाऊ देत. तासाभराचा तर प्रश्न आहे."

दहा वाजले, साडेदहा झाले. आक्का गच्चीवरून उतरायची, विचारायची, "बाई, बोट कवा जातीया?" मी म्हणायची, "निघतीयाच." ती परत वर जायची. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं नाही, नुसतीच माझ्याकडं बघून गेली. अधिकाऱ्यांना फोन लावला, तर "निघालेत, वाटेत आहेत, धीर धरा."

इकडं आमच्या म्हाताऱ्या मंडळींची वेगळीच गडबड. पूर असू दे नाहीतर लगीन, दारात आलेल्या माणसाला मान दिल्याशिवाय सोडायचं नाही, ही आमची खोड. नारळ आला, शाल आली. फेटा राहिला म्हणून एकजण कंबरभर पाण्यातनं घरी गेला आणि कापड डोक्यावर धरून घेऊन आला! म्हशींसाठी बोट सुटंना आणि फेट्यासाठी माणूस पाण्यात. माझं डोकंच सणकलं. पण बोलणार कुठल्या तोंडानं? बोट अडवून मीच बसले होते.

साडेअकराला अशी सर आली की मळा दिसेनासा झाला. वरून आक्काचा आवाज आला, "बाई, आता काय सुदिक दिसंना झालंय ओ." मी वर गेले नाही. तिच्या शेजारी उभं राहायची माझी छाती झाली नाही.

साहेब आले एक वाजता. गुडघाभर चिखलातनं चालत आले, मागं फोनवरचे ते अधिकारी आणि कॅमेरेवाले. फेटा बघितल्यावर दोन्ही हातांनी नको म्हणाले, "अहो, पूर आलाय, फेटा कसला बांधताय?" तर मंडळी हटून बसली. "मान घेतल्याबिगर कसं जमंल साहेब?" त्यात आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी त्यांनी निमूट बांधून घेतला आणि सतरंजीवर मांडी घातली. कुणीतरी आक्काला पुढं केलं. त्यांनी तिचे हात धरले. "ताई, काय अडचण आहे ते सांगा. मी तुमच्यासाठीच आलोय." डोळे भरले होते त्यांचे. ते खोटं नव्हतं, मी चार हातांवर उभी होते.

आणि आक्का काय म्हणाली? "काय न्हाय साहेब. तुमी आलासा, बरं वाटलं."

पावण्यापुढं रडगाणं गायचं नाही! जीव टांगणीला लागलेला आणि हिला रीतभात सुचतीय. मग मात्र माझा तोल सुटला. "काय न्हाय काय, आक्का? साहेब, हिचा नवरा तिकडं पाण्यात बसलाय. आणि बोट सकाळी नऊपासून तुमच्यासाठी बांधून ठेवलीय!"

"कुणी ठेवली?" साहेबांनी विचारलं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी अधिकाऱ्यांकडं.

साहेब तडक उठले. "चला, मी स्वतः येतो." त्यांच्या आधी एक कॅमेरेवाला बोटीत जाऊन बसला. साहेबांनी एक पाय आत टाकला तेवढ्यात मी ओरडले, "साहेब, तुम्ही सगळे बसलासा तर येताना मामांना कुठं बसवायचं?" ते तसेच थांबले. मग पाय मागं घेतला, कॅमेरेवाल्याला दंडाला धरून खाली ओढला आणि बोटवाल्यांना म्हणाले, "जावा." बोट दिसेनाशी होईपर्यंत पावसात उभे होते. मग त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं, ते गेले.

पुढाऱ्यांनी पुरात येऊन डोळे पुसावेत का, यावर आमच्याकडं पारावर अजून भांडणं होतात. पुसावेत की! माणसाला माणसाचं वाईट वाटायलाच पाहिजे. या माणसाला तर नऊला कुणी विचारलं असतं, तरी त्यानं बोट सोड म्हणून सांगितलं असतं. पण विचारलं कुणी? त्याची माया येऊन पोचेपर्यंत आम्ही बोट बांधून बसलो, आणि त्या आम्हांत मी पहिली.

दोनच्या सुमाराला बोट आली. मामा एकटेच, कुडकुडत बसलेले. आक्का पाण्यात उतरली, तिनं मामांना बघितलं आणि मग बोटीच्या मागं बघितलं. मागं काही नव्हतं.

"बारापातूर धरलं," मामा म्हणाले. दाव्यांनी त्यांचे तळहात सोलून निघाले होते. "पाणी नाकाला लागाय लागलं, मग कापली दावी. पवत गेल्या. गाभण हुत्या, कुठवर पवनार?"

मी टॉवेल घेऊन पुढं झाले. त्यांनी तो अंगावर ओढून घेतला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, पाऊस यायच्या आदी सकाळभर बोट दिसत हुती मला, फाटकाला. बिघडली हुती व्हय?"

आक्का माझ्याकडं बघत होती.

"व्हय मामा," मी म्हटलं, "बिघडली हुती."

मामांनी सोललेला हात माझ्या हातावर ठेवला. "मग तुमी तरी काय करनार, बाई."