ठोकळ्याखालची गोधडी

आमच्या मागच्या पडवीत चिंचेच्या लाकडाचा एक ठोकळा होता — वीतभर उंच, मधोमध झिजून खोलगट झालेला, कितीही घासला, उन्हात वाळवला तरी दमट हवेत मटणाचा नि हळदीचा पुसट वास सोडणारा. शुक्रवारी सकाळी उन्हं माडांच्या शेंड्यांवरून उतरून परसात आली की मा, म्हणजे आमची आई, त्याच्यासमोर पाट टाकून बसायची, दोन्ही हातांत एकेक सुरा घ्यायची, आणि मग सुरू व्हायचा तो आवाज... ठक-ठक, ठक-ठक... आधी जड, सावकाश. मग मटण बारीक होत जाईल तसा हलका, भरभर. आजही डोळे मिटले की लहानपणची रत्नागिरी मला आधी ऐकू येते, मग दिसते.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात यंत्राने खिमा करून देणारं दुकान नव्हतं. खाटीक शुक्रवारी बकरा कापायचा, केळीच्या पानात बांधलेलं मटण घरी यायचं, आणि खिमा ज्याने त्याने आपापल्या घरी ठोकायचा. तो ठोकताना होणारा आवाज लपून राहणारा नव्हता. चिऱ्याच्या गडग्यावरून, काजूंच्या सावलीतून तो चार घरं सहज ओलांडायचा, आणि ज्या घरापर्यंत तो गेला त्या घरी संध्याकाळच्या आत खिम्याची वाटी गेली पाहिजे, असा मोहल्ल्याचा रिवाज होता. आपल्या टोपाच्या वासाने शेजाऱ्याचा जीव कासावीस करू नये, हे तर घरोघरी वडीलधारे सांगायचेच. आमच्याकडे वासाच्या आधी आवाजाची लाज राखायची असे.

पण आवाज नुसती वाटी मागायचा नाही, तो माणूसही बोलवायचा. दोन हातांनी खिमा ठोकताना खांदे भरून येतात, म्हणून शेजारीण आपला सुरा घेऊन येई आणि दोघी समोरासमोर बसून हात चालवत. आमच्याकडे यायची हलीमा खाला. नात्याने ती आमची कुणी नव्हती. गडग्यापलीकडच्या घरात एकटी राहायची. तिचा नवरा मचव्यासकट समुद्रात गेला होता, मूलबाळ नव्हतं. होती ती एक कोंबडी — काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणून काबरी. काबरीला गडगा मान्य नव्हता. ती खुशाल आमच्या परसात यायची, तांदूळ पाखडताना माच्या सुपाखाली घुसायची, आणि मनात आलं तर अंडंही आमच्याच गवतात घालायची. ते कोमट अंडं ओच्यात धरून खालाला नेऊन देण्याचं काम माझं.

ठोकळ्याचा आवाज सुरू झाला, की गडग्यापलीकडून हाक यायची, "काय गो सकीने, आज कोण पावणा आला?" आणि उत्तराची वाट न बघता पदराखाली सुरा घेऊन खाला हजर. तिचा हात माच्यापेक्षा बारीक चालायचा. शिरा वेचून काढताना ती बोलायची, हसायची, मोहल्ल्यातल्या लग्नांची जुळवाजुळव करायची, आणि दोघींच्या तीन सुऱ्यांचा ठेका जरासुद्धा चुकायचा नाही. मग चुलीवर कांदा तांबूस व्हायचा, आलं-लसणाचं वाटण पडायचं, लवंग-दालचिनी तडतडायची, भाजलेल्या खोबऱ्याचा खमंग धूर कौलांपर्यंत चढायचा, बटाट्याच्या फोडी आणि कोकमाची दोन सोलं टाकून मा टोपावर झाकण ठेवायची... आणि त्या गरम, दाट खिम्यात तांदळाची भाकरी बुडवून खाताना आम्हा भावंडांना जगात आणखी काही हवं आहे असं वाटायचं नाही.

बाबा मुंबईला आगबोटीवर खलाशी होते. एका वर्षी छातीचं दुखणं होऊन ते इस्पितळात पडून होते, आणि वैशाखात, बोटी बंद व्हायच्या थोडं आधी, घरी आले. पडावातून उतरताना त्यांना दोघांनी हात दिला, तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. माने त्यांच्या समोर एक टिपूस काढलं नाही, पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच — या माणसाच्या अंगावर मांस चढलं पाहिजे.

नेमकी मे महिन्याच्या रजेवर सगळ्या मोहल्ल्याची मुंबईकर माणसं घरी आलेली. शुक्रवारी मी खाटकाकडे पोचले तेव्हा दोरीला जवळजवळ काही उरलंच नव्हतं. त्याने इकडचं तिकडचं जमवून पान बांधून दिलं. माने ते उलगडून पाहिलं, परत बांधलं, परत उलगडलं.

"एवढंच?"

"संपलं म्हणाला."

ती जरा वेळ गडग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धाकट्याची गोधडी आण गो आतली."

मी आणली. तिने ती चौपदरी घातली, ठोकळा उचलून तिच्यावर ठेवला आणि हाताने दाबून पाहिला.

"गोधडी कशाला?"

"बाबा निजलेत. उठतील आवाजाने."

तेवढ्यात पुढच्या पडवीतून बाबांचा खोकला ऐकू आला, आणि पाठोपाठ रस्त्याने जाणाऱ्या कुणाशी तरी चाललेलं त्यांचं बोलणं. माने माझ्याकडे पाहिलं नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला सगळं कळत नसेल, पण आपली आई खोटं बोलली एवढं कळतं.

मग तो आवाज झाला... धप्प, धप्प... आजाऱ्याची पाठ थोपटावी तसा. एकटीने ठोकता ठोकता माचे हात भरून आले, ती मध्ये मध्ये थांबायची, मनगट चोळायची, कान गडग्याकडे. पलीकडे खाला काबरीला दाणे टाकत होती. "बोऽ बोऽ" म्हणत होती. एरवी त्या हाकेसरशी मीही गडग्यावर चढले असते.

राहिला वास. खिम्याच्या वासाला गोधडी घालता येत नाही. माने मागची खिडकी लावून घेतली, दाराशी निखारे ओढले आणि त्यावर सुके बांगडे भाजायला टाकले — एक नाही, चांगले तीन-चार. माझ्या हातात विंझणा देऊन म्हणाली, "वारा घाल. तिकडे." तिकडे म्हणजे गडग्याकडे. खारट, जळका धूर असा काही उठला की मोहल्ल्यातली मांजरं गोळा झाली. मला तेव्हा त्याची गंमतही वाटली, हे खोटं कशाला सांगू... मी जोरजोरात विंझणा हलवत होते.

जुम्म्याची नमाज आटोपून बाबा घरी आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. मा टोपाचं झाकण काढणार तोच मागच्या दाराशी हाक आली, "सकीने!" माने हाताला लागली ती मासळीची टोपली टोपावर पालथी घातली. दारात हलीमा खाला. हातात फडक्यात धरलेलं जर्मनचं भांडं, कडेने वाफ निघत होती.

"लाज नाय वाटली तुला?" ती आत येता येताच कडाडली. "आजारातून उठलेला माणूस, नि त्याच्या पुढ्यात सुका बांगडा घालतंस? सकाळपासून वास येतोय! घरात नव्हतं तर हाक मारायचीस. मी काय मेले हुते?"

तिने भांडं बाबांसमोर ठेवलं. कोंबडीचा रस्सा होता, वर पिवळ्या तेलाचा तवंग. मशिदीत बांग देणाऱ्याकडून तिने सकाळीच कोंबडी हलाल करून आणली होती. त्या घरात कोंबडी एकच होती. मी परसात पाहिलं, सुपाशी पाहिलं, गवतात पाहिलं... मग पाहायचं थांबले.

खाला बाबांसमोर बसकण मारून विंझण्याने वारा घालत राहिली. "खा रे भावा. हाडं नुसती राहिलीत." बाबा जेवले. मा भाकऱ्या थापत होती आणि एकही भाकरी गोल होत नव्हती. खालाने मला जवळ ओढून माझ्याही ताटलीत एक तुकडा वाढला. मी खाल्ला. चवदार होता, आणि तेच मला आजतागायत गिळता आलेलं नाही.

ती गेल्यावर बाबांनी टोपलीकडे बोट दाखवलं. माने ती उचलली. बाबांनी खिमा पाहिला, भिंतीला टेकवून ठेवलेला ओला ठोकळा पाहिला, गोधडी पाहिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "एक वाटी भर नि नेऊन दे तिला. आत्ताच. उद्या नाय जमायचं तुला."

माने वाटी भरली. वर कोथिंबीर घातली. पदराखाली धरून ती गडग्यापर्यंत गेली, मी तिच्या मागे. पलीकडे खाला अंगण झाडत होती. केरसुणीपुढे ठिपक्याठिपक्यांची पिसं उडत होती. ती पुन्हा पुन्हा वाकून पिसं गोळा करत होती, एखादं हातात धरून बघत होती. मा उभी राहिली. मग तशीच मागे फिरली, घरात आली आणि वाटीतला खिमा तिने परत टोपात ओतला.

उकळी दिली असती तर तो रात्रभर टिकला असता. पण तिने त्या टोपाला हातच लावला नाही. धाकटा खिम्यासाठी रडला, तेव्हा त्याला भाजलेला बांगडा मिळाला. वैशाखातला उकाडा तो. सकाळी टोपात फेस आला होता. माने माडाच्या आळ्यात खड्डा केला आणि ज्या खिम्यातली एक वाटी तिला जड झाली होती तो सगळाच्या सगळा पुरून टाकला. माती लोटताना ती रडत होती. "अल्लाला आवाज जातो गो," एवढंच म्हणाली. गोधडीवर मटणाचं पाणी झिरपून डाग पडला होता. तिने ती कढत पाण्यात घालून खूप घासली आणि दोरीवर वाळत टाकली.

शेवटच्या बोटीने बाबा परत कामावर गेले. मग मा खालाशी अशी काही वागू लागली, की बघणाऱ्याला वाटावं, नवी सून सासूला जपते आहे. पहिली भाकरी तिला, चांगला तुकडा तिला. एकदा तर खाडीपलीकडच्या भाट्याहून एक तलंग कोंबडी आणून दिली. खालाने ती पायांना धरून उलटसुलट पाहिली, ठेवून घेतली, आणि नाव ठेवलं सकिना! रोज तिन्हीसांजेला गडग्यापलीकडून हाक ऐकू यायची, "सकीने, ये गो, खुराड्यात ये. लपून बसू नको." चुलीपुढे माचा हात थबकायचा. खाला नुसतीच थट्टा करत होती की आणखी काही म्हणत होती, हे आम्हाला कळत नव्हतं. माला तर विचारायचीही सोय नव्हती.

पावसाळा सरल्यावर पुन्हा मटण आलं. त्या दिवशी माने ठोकळा पडवीत ठेवलाच नाही. तो उचलून तिने थेट गडग्याशी नेला, उघड्या जमिनीवर मांडला आणि असा दणादण सुरा चालवला की माडावरचे कावळे उठले. हाक मात्र आली नाही. मा ठोकत राहिली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ दाबून धरले होते. मग गडग्यावरून आधी सुरा आला, मागून खाला आली. समोर बसली. वाकून तिने ठोकळ्याखाली पाहिलं.

"आज गोधडी नाय घातलीस?"

माचे दोन्ही हात जागच्या जागी राहिले.

"मटणाचा डाग कढत पाण्यात धुवायचा नाय गो, बसतो," खाला म्हणाली. "दोरीवर बघितला तेवाच म्हटलं, बसला आता." आणि ती शिरा वेचायला लागली. "चल, हात चालव. मटण सुकतंय."

पुढे दोघींनी कित्येक वर्षं समोरासमोर बसून खिमा ठोकला. त्या दिवसाबद्दल खाला पुन्हा चकार शब्द बोलली नाही, आणि मा माफी मागू शकली नाही. खाला गेली तेव्हा तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांत मा होती. घरी येऊन ती मागच्या पडवीत बसून राहिली, आणि मला म्हणाली, "काबरीचा रस्सा मी जेवले नव्हते, तुला ठाऊक हाय ना?" मला ठाऊक होतं. तिची ही कैफियत कुणापुढे होती, ते मात्र मी विचारलं नाही.

आता मी रत्नागिरीतच, तिसऱ्या मजल्यावर राहते. खिमा यंत्रातून निघून पिशवीतून येतो, कुणाला कानोकान कळत नाही. पण मला तो तसा घरात आणवत नाही. मी अख्खं मटण आणते, आणि मधोमध आणखी खोल गेलेल्या त्या ठोकळ्यावर, हाताला झेपेल तसं, स्वतः ठोकते. मागच्या शुक्रवारी बेल वाजली. खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली मुलगी दारात उभी होती, कडेवर पेंगुळलेलं बाळ.

"काकू, रागावू नका... खाली एखादी गोधडी वगैरे घालता का? फार आवाज येतो."

"नाही गो माझ्याकडे गोधडी," मी म्हटलं.

खोटं बोलले. पेटीच्या तळाशी ती आहे, डागासकट आहे. बाळ आईच्या खांद्यावरून माझ्या हातातल्या सुऱ्याकडे बघत होतं. मी त्या मुलीला म्हटलं, बाळ निजेपर्यंत थांबते, मग ठोकते... आणि संध्याकाळी वाटी घेऊन मी स्वतःच खाली उतरले, जिन्याच्या कठड्याला धरून, गरम होती तोवर.