वलथरे सर आणि जाळ्याचा दिवस

वलथरे सर कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे, मग दारातल्या माणसाला नमस्कार करायचे. त्यांच्या कपाळावर डाव्या बाजूला एक जुना व्रण होता. तो बास्केटबॉलच्या मैदानावरचा असणार असं समजून मी एकदा आदरानं विचारलं, तर म्हणाले, "मावशीच्या घरची चौकट." ठेंगण्या दारांच्या मुलखात एवढा उंच माणूस जन्माला येणं ही गैरसोयच होती आणि ती त्यांनी मान वाकवून मान्य केली होती.

सानगडीपासून थोडं आत, तलावाकाठच्या एका गावात आमची शाळा. मी तिथं गणित शिकवायचो. सर मानधनावर बास्केटबॉल शिकवायचे. शाळेचं मैदान मुरमाचं, सागाच्या खांबावर फळी आणि फळीला लोखंडी कडं. त्या कड्याला जाळी नव्हती. यावर सरांचं म्हणणं असं, की गावात जाळ्यांना काय तोटा आहे. मग त्यांनी घरच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा आणून स्वतःच शिवला. शिडी लागली नाही.

सर धिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरचे. तालुक्याच्या सामन्यात कोणाच्या तरी नजरेस त्यांची उंची पडली आणि एका सरकारी खात्यानं त्यांना खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं. पगार खेळायचा होता. मुंबई, चेन्नई, लुधियाना, सगळीकडे खेळून आले. पेपरात फोटो आले. मग गुडघा गेला आणि खात्यानं त्यांना खुर्चीवर बसवून शिक्के मारायला दिले. टेबलाखाली पाय मावत नव्हते, हे ते नोकरी सोडण्याचं कारण म्हणून सांगायचे. मला ते कधी खरं वाटलं नाही.

शिकवायची पद्धत रोखठोक होती. एखादी मुलगी चेंडू हातात धरून विचार करत उभी राहिली, की मैदानाबाहेरून आवाज यायचा, "देऊन टाक वं! का सासरी घेऊन जातेस?" मुली हसायच्या आणि चेंडू सुटायचा. कोणी रडली तर म्हणायचे, "रड, पन पाय हालवत रड." बचाव शिकवताना पाचही जणींना ओळीत उभं करून हातात दोर द्यायचे आणि जाळं ओढल्यासारखं सरकायला लावायचे. "एकटी पुढं गेली का खालून मासा निसटते. दुसरीच्या पायाकडं पायत राय." धिवरांच्या पोरींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. कुणब्यांच्या पोरींना थोडा वेळ लागायचा.

इथं गावची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मासेमारांची सोसायटी एक दिवस ठरवते. त्या दिवशी मोठं जाळं पडतं. प्रत्येक घरचा एक माणूस पाण्यात उभा राहून ते ओढतो आणि संध्याकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, घराघराचे वाटे पडतात. ज्याच्या घरचं पाण्यात कोणी नाही त्याचा वाटा नाही. गावाबाहेरचा माणूस चालत नाही आणि एका माणसानं दोन घरं सांगायची नाहीत. नियम कठोर आहे, पण सगळ्यांना सारखा असल्यामुळे त्यावर कोणी कुरकुरत नाही.

सर बाहेरगावी खेळत होते त्या वर्षांत त्यांच्या वडिलांना दम्यानं पाण्यात उभं राहवेना. वाटा बंद झाला. घरून पत्रात हे कधी कळवलं नाही. वडील गेल्यावर आईनं सांगितलं. सर मला म्हणाले होते, "मी तिकडं टाळ्या घेऊन रायलो होतो, आन् बाबा अठी पाळीवर बसून दुसऱ्याचे मासे पायत होता." एवढंच म्हणाले आणि मैदानावर पाणी मारायला उठले. नोकरी सोडण्याचं खरं कारण हेच असावं, असं मी तेव्हापासून धरून चाललो आहे. परत आल्यावर दर वर्षी ते आपल्या घरचे म्हणून जाळ्याला लागायचे. उंचीमुळे त्यांना मधली, सगळ्यात खोल जागा मिळायची.

पल्लवी ही सरांची सगळ्यात उंच आणि सगळ्यात चांगली खेळाडू. वडील लकव्यानं खाटेवर, भाऊ लहान. त्यामुळे घरची म्हणून तीच पाण्यात उभी राहायची. ती बारावीला गेली त्या उन्हाळ्यात आमच्या मुली नागपूरच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. असं आमच्याकडे आधी कधी झालं नव्हतं. मोठ्या संघांचे निवड करणारे लोक तो सामना बघायला येणार होते. आणि सोसायटीनं जाळ्याचा दिवस नेमका तोच धरला. व्यापाऱ्याची गाडी ठरलेली, पाणी रोज तापत चाललेलं, तारीख हलण्यासारखी नव्हती.

पल्लवीनं येत नाही म्हणून सांगितलं. रडली वगैरे नाही. "वाटा गेला त घरी काय सांगू, सर?" सर तिच्या घरी गेले, चौकट चुकवून आत बसले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या घरचा म्हनून मी लागतो. पोरीले जाऊ द्या." सोसायटीनं मान्य केलं, कारण सर बाहेरचे नव्हते. म्हणजे त्या वर्षी वलथऱ्यांच्या घरचं पाण्यात कोणी नाही, हेही ठरलं. आणि सामन्याला प्रशिक्षक नाही, हेही.

सरांची आई चिडली. "आपल्या घरचा मासा दुसऱ्याच्या चुलीवर," म्हणाली.

मुलींबरोबर मला पाठवण्यात आलं. मी गणिताचा माणूस. बास्केटबॉलमधलं मला गुण मोजण्यापलीकडे काही कळत नव्हतं. सरांनी बसस्टँडवर मला सूचना दिल्या, "तुमी फक्त बसा. काई सांगू नोका. पोरीयले पानी द्या." मी तसंच केलं. मुली अडचणीत आल्या की सवयीनं बाकाकडे बघायच्या आणि मी पाण्याची बाटली दाखवायचो. इतकं निरुपयोगी मला वर्गातही कधी वाटलं नव्हतं.

सामना अगदी शेवटपर्यंत बरोबरीत चालला होता. शेवटी चेंडू पल्लवीकडे होता आणि दोघी तिला घेरून होत्या. तिनं मोकळ्या मुलीला पास दिला. त्या मुलीचा नेम कड्यावर आपटून बाहेर आला, समोरच्यांनी तोच चेंडू पळवून नेऊन आमच्या कड्यात टाकला आणि आम्ही हरलो.

संध्याकाळी गावात उतरलो तेव्हा सर पाळीवर ओल्या कपड्यांत बसले होते. गुडघा सुजला होता. पल्लवीच्या घरचा वाटा केळीच्या पानावर शेजारी ठेवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी बॉल कोनाकडं होता?"

"माह्याकडं," पल्लवी म्हणाली. "मीच मारला असता त झालं असतं, सर. तुमी असते त सांगितलं असतं."

"मी असतो त पासच दे म्हनलो असतो."

मग तिच्याकडे न बघता, "मले वाटलं होतं जिंकून येसान," असं म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. पल्लवी तेव्हा रडली.

पण तो पास बघणाऱ्यांनी बघितला होता. पुढच्या वर्षी एका खात्याच्या संघात तिला नोकरी लागली. ती गेली त्या दिवशी सर बसस्टँडवर आले नाहीत, मैदानावर लहान मुलींना दोर धरून सरकवत होते. फोन मात्र तिला दर रविवारी करायचे, आणि खेळाचं विचारायच्या आधी घरचं काय कळलं ते विचारायचे.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. आधी साधा ताप, मग काविळीचं निदान, आणि तोवर उशीर झालेला. तिरडीचे बांबू नेहमीच्या मापाचे पुरले नाहीत, जंगलाकडून दुसरे आणावे लागले. घरात आता एकटी आई.

या उन्हाळ्यात जाळ्याचा दिवस होता तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो, उगाच बघायला गेलो. सरांची आई पाळीवर बाभळीच्या सावलीत बसली होती. काही मागायला आली नव्हती. घरी बसवत नाही म्हणाली. पाण्यात माणसं उतरत होती. पल्लवीचा भाऊ आता मोठा झालेला, तो कंबरभर पाण्यात दोर धरून उभा होता. तेवढ्यात पल्लवी पाळीवरून खाली आली. सुट्टी काढून आली होती. चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि पाण्यात शिरली.

सोसायटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी तिला थांबवलं. "तुह्या घरचा लागला ना वं. तू काहून?"

"मी वलथऱ्याच्या घरची," पल्लवी म्हणाली.

म्हाताऱ्यानं पाळीवरच्या म्हातारीकडे पाहिलं. दोर धरलेली सगळी माणसं थांबली होती. नियम त्यांना सगळ्यांनाच पाठ होता.

"मंग मधात जा," म्हातारा म्हणाला. "तठी पानी लय आहे. बुटक्याचं काम नाई."