कांबळेबाई आणि मानाची दूधगाडी

आमच्या दूध संघाच्या कचेरीत दुधापेक्षा राजकारण जास्त तापायचं. संचालकांत दोन गट. एक हंबीररावांचा, दुसरा बाळासोंचा. मी हंबीररावांचा. म्हणजे काय, तर त्यांना शिंक आली तरी 'शतायुषी व्हा' म्हणायचं, आणि बाळासोंच्या माणसानं चहा पाजला तर तो पिऊन मग त्याला शिव्या द्यायच्या. मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला एवढं शिकवावं लागत नाही.

संघप्रिया कांबळे मात्र कुठल्याच गटात नव्हत्या. परत गेलेल्या दुधाच्या पावत्या लिहिणं हे त्यांचं काम. "बाई, बिनगटाच्या माणसाची बदली कधी होईल सांगता येत नाही," असं मी त्यांना बजावायचो. त्या हसायच्या आणि लिहीत राहायच्या. मला त्या हसण्याचा रागच यायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नेमकं हंबीररावांच्या गावचं दूध रोज नासायला लागलं. कारण शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गारगोटीच्या शीतकरण केंद्रातून सुटलेल्या गाडीनं पहिल्यांदा आपल्याच गावात थांबायचं, हा मान हंबीररावांनी भांडून मिळवलेला. गाव केंद्रापासून दोन कोसांवर. तिथं कॅन भरायचे, मग गाडी आजऱ्याकडच्या डोंगरात, पार टोकाच्या बाळासोंच्या गावापर्यंत जाऊन परत यायची. तीन तास ते दूध उन्हात. आमच्या गटाचं निदान मात्र वेगळं होतं: बाळासोंच्या माणसांनी लिंबू पिळलं! मी स्वतः दोन दिवस कॅनची झाकणं हुंगत बसलो होतो.

शेवटी तपासणी खात्याचा हुकूम निघाला, एक तारखेपासून त्या गावचं दूध बंद. दुसऱ्याच दिवशी तिथली चिमणाबाई कचेरीत आली. नवरा नाही, दोन म्हशींवर घर. "बाई, भांडं घासून-पुसून दूध घालतो की मी. माझ्यात खोट न्हाय वो," म्हणत ती कांबळेबाईंपुढे रडली. एक तारखेला आठ दिवस उरले होते.

"जाऊन सांगा हंबीररावांना, तुमच्या मानापायी दूध नासतंय म्हणून," मी म्हणालो. माझं काय जात होतं!

"असं तोंडावर सांगून कुणी ऐकलंय व्हय, अण्णा?"

त्या गेल्या. मीही गेलो, तमाशा बघायला.

"साहेब, घरात कार्य असलं की धनी कुठल्या पंगतीला बसतो?"

"शेवटच्या. पावणं जेवल्याबिगर धनी जेवतोय व्हय?" हंबीरराव गरजले.

"मग संघाचे धनी तुम्ही, आणि तुमच्या गावचे कॅन पहिल्या पंगतीला कसे?"

हंबीरराव विचारात पडले. हे दृश्य मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई बाळासोंकडे. "गाडी वाटेत कुठं न थांबता आधी तुमच्या गावात येईल, साहेब. बाकीची गावं परतताना. पहिला मान तुमचा." बाळासोंनी तर लगेच फेटाच मागवला.

सभेत एकाच ठरावाला दोन्ही गटांचे हात वर झाले. समोरच्याचा हात पाहून काहींनी आपला घाबरून खालीही घेतला होता. मग हंबीररावांच्या 'त्यागा'बद्दल सत्कार झाला आणि बाळासोंच्या 'विजया'ची मिरवणूक निघाली. कांबळेबाईंना कुठंच बोलावणं नव्हतं. पेढे मी दोन्हीकडचे खाल्ले.

तीस तारखेला, सगळ्यात शेवटी भरून थेट केंद्रात पोचलेलं चिमणाबाईच्या गावचं दूध तपासणीत पास झालं. हुकूम मागे घेतला गेला.

"बाई, निदान एका फलकावर तरी तुमचं नाव पाहिजे होतं," मी तोंडात पेढा असतानाच तावातावानं म्हणालो.

"माझं नाव लागलं असतं, तर दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी ठराव मोडला असता. आता दोघंबी म्हणत्यात, आम्हीच केलं. मोडणार कोण, अण्णा?"

त्या पुन्हा पावत्यांकडे वळल्या. मला फार लाज वाटली. अठरा वर्षं मी संघातल्या वजनदार गटात काढली होती, आणि माझ्यामुळे कुणाचं वाटीभर दूध वाचल्याचं काही केल्या आठवेना.